मनोऱ्यावरचं भांडण

रस्त्यावरचे दिवे शिडी लावून पेटवावे लागत, तेव्हाची ही गोष्ट. छत्र्या दुरुस्त करणारी एक बाई भावाकडे राहायची. तिला सगळे छत्रीवालीच म्हणत. भावाचं लग्न झालं आणि मोडक्या छत्र्यांनी भरलेली मागची खोली वहिनीच्या डोळ्यांत खुपायला लागली.

"वन्सं, एक तर छत्र्या जातील, नाहीतर तुम्ही," वहिनी म्हणाली.

छत्र्या गेल्यावर आपण राहून तरी करायचं काय, असा विचार करून छत्रीवाली जागा शोधू लागली. पण एकट्या बाईला कुणी दारात उभं करेना.

त्याच सुमारास चौकातल्या मनोऱ्याच्या घड्याळावर नवा माणूस नेमायचा होता. आधीचा एकटा जीव. उठायला उशीर झाला की काटे मागे सरकवून मोकळा व्हायचा. होता होता अख्खं गाव दुपारचं जेवण दिवेलागणीला जेवू लागलं, आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. परगावचा एक पाहुणा भुकेने कासावीस झाला तेव्हा बिंग फुटलं. मग नगरपालिकेने ठरवलं, यापुढे घड्याळावर लग्न झालेलाच माणूस. त्याला वेळेवर उठवणारं कुणीतरी असतं.

घड्याळ दुरुस्त करणारा एक अबोल मास्तर छत्रीवालीकडे छत्री न्यायला आला. छत्री घेतली, पण हलेना.

"आपली हरकत नसेल तर माझ्याशी लग्न कराल का?"

"कशासाठी?"

"घड्याळासाठी. मनोऱ्यात दोन खोल्या मिळतात. वर यंत्राची खोली."

"यंत्राच्या खोलीत माझ्या छत्र्या राहतील?"

"वंगणाचे डाग पडतील."

"काळ्याच आहेत," छत्रीवाली म्हणाली.

एकमेकांत जीव गुंतवायचा नाही, एवढी एकच अट घालून दोघांनी लग्न केलं आणि सामान वर चढवलं.

तिथेच घोळ झाला. मनोऱ्याच्या खिडक्या बाजारावर उघडायच्या. वरून ऐकू येई ते असं: "आपण आधी जेवा." "छे, आपण आधी." यात आमटी गार व्हायची. खाली भाजीवाल्या एकमेकींकडे बघायच्या. बातमी नगरपालिकेच्या सचिवांपर्यंत गेली. "हे नवरा-बायको नव्हेत, दोन पाहुणे आहेत," असं म्हणून त्यांनी शहानिशा करायला आपल्या आत्याला धाडलं. आत्याबाई विणकाम घेऊन जिन्यात ठाण मांडून बसल्या. भांडण कानावर पडल्याशिवाय उठणार नाही, असं त्यांनी भाजीवाल्यांना सांगूनच टाकलं होतं.

वर छत्रीवालीने ते खिडकीतून ऐकलं. "भांडावं लागेल," ती कुजबुजली. "मला अगं म्हणा. आणि माझ्या माहेराला नावं ठेवा."

मास्तरने घसा साफ केला. "अगं, तुझी वहिनी तुसडी आहे."

"ते तर खरंच आहे."

"मग कसं भांडायचं?"

"दुसरं काहीतरी बोला की."

त्याने खोलीतल्या छत्र्यांवरून नजर फिरवली. शेवटी म्हणाला, "तू दुरुस्त केलेली छत्री पहिल्याच पावसात उलटी झाली."

छत्रीवालीने हातातलं काम खाली ठेवलं. "कुठली?"

"माझीच. वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

आजवर तिच्या हातची छत्री उलटल्याचं तिने कधी ऐकलं नव्हतं. म्हणजे हा माणूस इतके महिने भिजत घरी येत होता आणि वर गोड हसत होता. ती तापली. छत्री वाऱ्याच्या तोंडावर धरायची असते, पाठीवर नाही, हे तिने त्याला सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. मास्तरनेही आवाज चढवला. दातेरी चाकात छत्रीच्या काड्या सापडतात, कालपासून तर तासाचे टोले हाताने द्यावे लागताहेत. बोलता बोलता तिला ठसका लागला. त्याने तांब्या पुढे केला, ती घोटभर पाणी प्यायली, तांब्या त्याच्याच हातात दिला आणि पुढे सुरू झाली. दुकानं बंद करायच्या वेळेचे टोले द्यायचे राहून गेले. खाली दुकानं तशीच उघडी राहिली.

दाराच्या फटीतून हे सगळं पाहून आत्याबाईंनी लोकर गुंडाळली. सचिवांना सांगितलं, "लग्न पक्कं आहे. भांडण अर्धवट टाकून त्याने तिला पाणी पाजलं आणि उरलेलं भांडण ऐकून घ्यायला उभा राहिला."

त्या संध्याकाळी मास्तरने विचारलं, "आता 'आपण' म्हणायचं की 'तू'?"

"'तू'च म्हणा," ती म्हणाली, आणि छत्रीची मूठ उगाचच पुसत राहिली.

पुढे बऱ्याच वर्षांनी, माणूस लागत नाही असं घड्याळ आलं आणि दोघांना मनोरा सोडावा लागला. मास्तर म्हणाला, "घड्याळासाठी लग्न केलं होतं आपण. आता तू मोकळी आहेस."

छत्रीवाली त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा हात धरून जागा बघायला घेऊन गेली. पहिल्याच घरमालकाने सांगितलं, नवरा-बायकोंना खोली देत नाही, फार भांडतात. मास्तर चटकन म्हणाला, "आम्ही तर बहीण-भा—"

तिने त्याच्या पायावर पाय दिला.

"नवरा-बायको आहोत," ती म्हणाली. "आणि भांडतो."

घरमालकाने दार लावून घेतलं. ती दोघं, छत्र्यांची मोळी मधे धरून, पुढच्या गल्लीत वळली. तिथे एका बहिऱ्या म्हातारीने त्यांना खोली दिली.