तरस, फोटोच्या बाहेर

"यात तरस कुठंय?"

"बाहेर."

"बाहेर म्हणजे?"

"फोटोच्या बाहेर. खाली लिहिलंय की."

कारखान्याच्या कॉलनीतल्या गणेशोत्सवात त्या वर्षी छायाचित्रांचं प्रदर्शन भरायचं होतं. त्याची मांडामांड चालू असताना हॉलच्या दुसऱ्या टोकाहून हे बोलणं माझ्या कानावर आलं. मी खिडकीशी बसून फोटोंखाली लावायच्या पुठ्ठ्याच्या पाट्यांत दोरे ओवत होते. विचारणारे उत्सवाचे सेक्रेटरी होते आणि उत्तर देणारे माझे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान. पुणे जिल्ह्यात जनावरांच्या इतक्या जवळ जाऊन त्यांचे इतके थोडे फोटो काढलेला दुसरा माणूस झाला नसेल, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे.

आतोबा पिंपरीच्या नव्या औषध कारखान्यात बॉयलरवर सुपरवायझर होते. आठवडाभर ते वाफेचे काटे बघत आणि रविवारी उजाडलं की इंग्रज साहेबाकडून घेतलेली जुनी मोटार काढून भोसरी, मोशी, चाकण करत खेडच्या रस्त्याला लागत. पाहुणे आलेले असोत, घरात सत्यनारायण असो, इंजिनातून धूर येत असो, ते जायचेच. "आज दिसणार," एवढंच ते म्हणत. काय दिसणार हे ते जनावरावर सोडत. मोटारीचं दार लावलं की आवाज होतो आणि आवाज झाला की जनावर पळतं, असा त्यांचा अभ्यास होता. म्हणून त्यांनी चिंचवड स्टेशनाजवळच्या मिस्त्रींकडून दारांची कुलपं काढून घेतली आणि चारही दारं परकराच्या नाड्यांनी बांधून टाकली. मिस्त्री म्हणाले, "साहेब, लोक दार लागत नाही म्हणून येतात. लागायला नको म्हणून आलेले तुम्हीच पहिले." नाड्या आत्याच्या होत्या. त्यामुळे मोटारीबद्दल तिचं मत पहिल्यापासून वाईट होतं.

कॅमेरा म्हणजे एक काळी पेटी होती. ती पोटाशी धरायची आणि वरच्या चौकोनी काचेत मान खाली घालून बघायचं. त्या काचेत आरशासारखं सगळं उलटं दिसे. डावीकडचा मोर उजवीकडे दिसायचा. आतोबा त्याला पकडायला पेटी उजवीकडे वळवायचे आणि मोर दोन्हीकडून निसटायचा. अशा रीतीने त्यांच्या अल्बममध्ये खेड तालुक्यातल्या बहुतेक सगळ्या शेपट्या जमा झाल्या होत्या. एकदा मोशीच्या पुढे घोरपडीसाठी ते रस्त्यात पालथे पडले होते, तेव्हा बैलगाडीवाले एक म्हातारबाबा गाडी थांबवून बराच वेळ बघत राहिले. शेवटी त्यांना राहवलं नाही. "राव, फोटू काढताय का जनावर हाकलताय? आमी समजलो मोटारीखाली घावलं कोण!" आतोबांनी पडल्या पडल्याच त्यांना नमस्कार केला आणि ओठांवर बोट ठेवलं. म्हातारबाबांनीही ओठांवर बोट ठेवलं आणि बैलांनासुद्धा दबक्या आवाजात हाकत निघून गेले. घोरपड तोवर गेली होती. त्या फोटोत मोटारीचं मागचं चाक फार सुरेख आलं आहे.

पण आतोबांचा खरा विक्षिप्तपणा फोटोंच्या खालच्या ओळीत होता. दुसरा कुणी असता तर त्याने असले फोटो फाडून टाकले असते, नाहीतर थापा मारल्या असत्या. आतोबा प्रत्येक फोटो चिकटवत आणि त्याखाली शाईने, कारखान्याच्या नोंदी कराव्यात तसं, खरं तेच लिहीत. 'मोर (गेला).' 'घोरपड (शेपूट).' 'कोल्हा (या झुडपामागे).' 'लांडगा असावा, कुत्राही असेल.' "अहो, नुसतं लांडगा लिहा की, कोण विचारायला येतंय?" असं आत्या म्हणाली, तेव्हा ते दुखावल्यासारखे झाले. "बॉयलरचा काटा नव्वदवर असताना मी शंभर लिहितो का?" असं म्हणाले आणि त्या दिवशी दुपारचा चहा त्यांनी घेतला नाही.

या फेऱ्यांना ते मला नेऊ लागले, त्याचं कारण सांगायला हवं. माझं शिक्षण कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये झालं. वडिलांची बदली झाल्यावर मी आत्याकडे राहायला आले, तेव्हा कॉलनीतल्या बायकांत बसले की माझी वाक्यं आधी डोक्यात इंग्रजीत तयार होत. त्यांची मराठी होईपर्यंत विषय बदललेला असे. मग मी बोलणंच सोडलं. "मुलगी चांगली आहे हो, पण तोंडात जीभ आहे की नाही?" हे मी भिंतीपलीकडून बऱ्याचदा ऐकलं होतं. आतोबांना मात्र नेमकी हीच गोष्ट माझ्यात आवडली. "ही बोलत नाही," ते आत्याला कौतुकाने म्हणाले, "हिला मी रविवारी नेणार. तू येतेस तेव्हा खेडपर्यंतच्या चिमण्यासुद्धा उडून जातात." आयुष्यात पहिल्यांदा माझं गप्प राहणं कुणाच्या तरी कामाला येत होतं. माझी जागा मागच्या सीटवर, काम एकच. जनावर डावीकडे असेल तर आतोबांच्या डाव्या खांद्याला बोट लावायचं, उजवीकडे असेल तर उजव्या. काचेवर विश्वास न ठेवता त्यांनी त्या बाजूला वळायचं. "आणि एक लक्षात ठेव," ते म्हणाले, "तुला मी कधी बोलायला लावणार नाही. गाडीत नाही आणि गाडीबाहेरही नाही."

अशाच एका रविवारी चाकण मागे टाकल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसता माळ होता. दिवस मावळायला थोडा अवकाश असताना एका ओढ्याशी आम्ही थांबलो. आतोबा नाडी सोडून खाली उतरले, मी दारात उभी राहिले. आणि डावीकडच्या बांधावर ते तरस आलं. पुढून उंच, मागून बसकं, सपाट जमिनीवर असूनही चढावर उभं असल्यासारखं. अंगावर पट्टे, मानेवर उभे केस, एक कान फाटलेला. घाबरलेलं नव्हतं. दिवसभराचं काम सुरू करायच्या आधी दारात उभ्या राहिलेल्या माणसासारखं ते आमच्याकडे बघत होतं. मी आतोबांच्या डाव्या खांद्याला बोट लावलं. पण इतकी वर्षं काचेत बघून बघून त्यांना प्रत्येक गोष्ट मनातल्या मनात उलटी करायची सवय लागली होती. त्यांनी माझं बोटही उलटं केलं आणि मोठ्या निश्चयाने उजवीकडे वळून एका बाभळीचा फोटो काढला. खटका वाजला, मग त्यांनी मान वर केली. तरस अजून तिथंच होतं. फिल्म मात्र संपली होती. आतोबांनी पेटी खाली ठेवली, आणि ते जाईपर्यंत आम्ही दोघं हात मोकळे सोडून नुसते बघत राहिलो. परत येताना मोशीच्या पुलावर ते एवढंच म्हणाले, "दिसलं."

त्या बाभळीखाली त्यांनी लिहिलं, 'तरस (डावीकडे, फोटोच्या बाहेर).' आणि अल्बममधल्या सगळ्या शेपट्या सोडून प्रदर्शनासाठी नेमका हाच फोटो दिला.

"अहो, बाहेर काय, हत्तीसुद्धा असेल!" सेक्रेटरी म्हणाले. "उद्या मी आमच्या तुळशीचा फोटो लावतो आणि खाली लिहितो, सिंह, बाहेर." हॉलमध्ये हशा उसळला. बायकाही तोंडाला पदर लावून हसत होत्या. "असं करू," सेक्रेटरी जरा समजुतीने म्हणाले, "'माळावरचा सूर्यास्त' लिहू. नाहीतर फोटो काढून ठेवावा लागेल. साहेबलोक येणार बघायला, कॉलनीची चेष्टा नको."

"मी सूर्यास्ताचा फोटो काढलेला नाही," आतोबा म्हणाले. "सूर्य माझ्या पाठीमागं होता."

"अहो, लिहू द्या ना त्यांना," आत्या हळूच म्हणाली.

"तरस होतं म्हणून तरस लिहिलंय."

"होतं कशावरून? कुणी पाहिलं?" सेक्रेटरींनी विचारलं.

आतोबा एका हाताने फोटोची चौकट धरून भिंतीशी उभे राहिले. मी बसले होते त्या खिडकीकडे नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला बोलायला लावणार नाही असं ते म्हणाले होते, आणि आतोबा लिहिलेलं जसं पाळत तसं बोललेलंही पाळत.

पुढे त्यांची मद्रासकडे बदली झाली. मोटार मिस्त्रींनी घेतली, नाड्या सोडून कुलपं बसवली, आता तिची दारं साऱ्या मोटारींसारखी धाडकन लागतात. काळी पेटी माझ्याकडे आहे. कधी रविवारी मी ती घेऊन मोशीच्या पुलापर्यंत जाते आणि काचेत बघताना उगीचच वाटतं, मागून कुणीतरी खांद्याला बोट लावावं. पण आतोबांची आठवण आली की आधी आठवते ती हॉलमधली हसू ओसरत आलेली घटका आणि चौकटीवरचा तो हात. त्या घटकेला मी मांडीवरच्या पाट्या खाली ठेवल्या आणि उठले. वाक्य या वेळी इंग्रजीत तयार झालं नाही. मुळात तयारच झालं नाही, आधी आवाज आला, आणि सगळ्यांनी माना वळवल्यावर मला कळलं की तो माझा आहे.

"मी पाहिलं. डावीकडे होतं, एक कान फाटलेला होता. पाटी बरोबर आहे, ती काढायची नाही."