एक्केचाळिसाव्या पानावरचं टिंब

जुनी पुस्तकं जमवणाऱ्या माणसाला लोक रसिक समजतात. समजोत बापडे. मला विचाराल तर हा किळसवाणा उद्योग आहे, आणि मी तो पंधरा-वीस वर्षं केला. त्यातही माझी आवड रहस्यकथांच्या पॉकेटबुकांची. मुखपृष्ठावर पिस्तूल, पिस्तुलामागे बाई, बाईमागे टोपीवाल्याची सावली. आत काय लिहिलंय ते मला अगदी परवापर्यंत ठाऊक नव्हतं, कारण मी त्यातलं एकही वाचलेलं नव्हतं. खोटं कशाला बोलू? मला हवे होते ते भडक रंग, आणि कपाटात एका उंचीची नीट रांग.

ही पुस्तकं मिळतात त्या जागा एकदा बघाव्यात. जळगावात एक दुकान आहे आणि धुळ्यात चौथ्या गल्लीच्या अलीकडे एक. दोन्हीकडे पुढे स्पर्धा परीक्षांची गाईडं रचलेली, आणि माझा माल मागे पोत्यात. पोत्यात हात घातला की बोटांना काय लागेल याचा नेम नाही. उंदराच्या लेंड्या तर असायच्याच. पुठ्ठ्याच्या खाचेत वाळून कोळ झालेले ढेकूण. पान उघडलं की चंदेरी कसर सरसर पळणार, आणि ती नेमकी माझ्या बाहीत शिरणार. धुळ्याचा दुकानदार मजेत बघत बसायचा. म्हणायचा, भाऊ, तुम्हाला एवढी घाण वाटते तर येता कशाला? पुढच्या महिन्यात मी परत हजर.

पण उंदीर परवडले, माणसं नकोत. ही पुस्तकं भाड्याने फिरलेली. एकेक पुस्तक शंभर घरांत जाऊन आलेलं. जेवताना वाचणाऱ्यांनी भरताचं तेल पानाला पाजलेलं, शेवेचे तुकडे मधल्या शिलाईत अडकवलेले. हळदीचा अंगठा, तंबाखूचा अंगठा, चुन्याचं बोट. पान उलटायला प्रत्येकाने थुंकी लावलेली, त्यामुळे खालचा कोपरा काळा आणि मऊ. एका पुस्तकात आतल्या चित्रातल्या बाईच्या गालावर कोणीतरी नाकातला मेकूड चिकटवून ठेवला होता. किती वर्षं तो तिथे होता, देव जाणे. मी तो ब्लेडच्या टोकाने काढला आणि त्या दिवशी दुपारी जेवलो नाही. पहिल्याच पानावर ‘खुनी मेहुणा आहे’ असं लिहून ठेवणारे महाभाग तर ढीगभर. आणि माझ्यासारखे जमवणारे आता मोबाईलवर गट करून बसलेत. ते म्हणतात, जुन्या पुस्तकांचा वास काय सुंदर असतो! वास कसला डोंबलाचा. थुंकी आणि उंदराचं मूत.

मला हे सगळं स्वच्छ करायची चटक होती. नोकरी सगळी दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्रात गेली. तिथे सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहावं इतकी राख. फडकं हातात घेतल्याशिवाय मला कशाला हात लावता येईना, ती सवय निवृत्तीनंतर जळगावात, मेहरूणच्या घरातही आली. गॅलरीत टेबल टाकलं. मऊ ब्रश, खोडरबर, टिपकागद आणि इस्त्री. आधी ब्रशने पान झाडायचं, मग रेघ-खूण जे काही असेल ते रबराने काढायचं, आणि शेवटी टिपकागद ठेवून कोमट इस्त्री फिरवायची, म्हणजे पेन्सिल दाबून लिहिलेल्याचा वळसुद्धा राहत नाही. बायको म्हणायची, घरातले शर्ट चुरगळलेले आणि ह्यांची पुस्तकं कडक.

चार वर्षांपूर्वी धुळ्याच्या त्या दुकानदाराचा फोन आला. गावातली एक जुनी, भाड्याने पुस्तकं देणारी लायब्ररी कधीच बंद पडली होती, तिच्या मालकाच्या मुलांनी खोली रिकामी केली होती. दोन पोती रहस्यकथा. मी दोन्ही उचलली. दीडशेच्या वर निघाली, सगळ्यांवर जांभळा शिक्का, ‘पाने फाडू नयेत’.

त्या पोत्यांत मला टिंबवाला भेटला. ऐंशी-नव्वद पुस्तकांत, दर वेळी एक्केचाळिसाव्या पानावर, खाली आकड्याच्या शेजारी, पेन्सिलीने काढलेलं लहानसं वर्तुळ आणि वर्तुळात टिंब. खुणा इतरांच्याही होत्या. त्या लायब्ऱ्यांमध्ये तसा रिवाजच होता. पुस्तकांची नावं एकसारखी, चित्रं एकसारखी, कधी तर तीच गोष्ट नव्या नावाने परत यायची. मग आपण हे वाचलंय का, हे कळायला प्रत्येक वाचक एक पान ठरवून घ्यायचा आणि तिथे आपली खूण करायचा. कोणाची फुली, कोणाचं स्वस्तिक. भाड्याने पुस्तक घेताना आधी ते पान उघडायचं. खूण दिसली की पुस्तक परत फळीवर. हे मला दुकानदाराने सांगितलं होतं. तरी या टिंबवाल्याचा मला फार राग आला. डोळ्यांसमोर माणूस उभा राहिला. लग्न न जमलेला कारकून, कानावर पेन्सिल, दाढेत तंबाखू, खोलीभर घाणेरडं वाचत पडलेला. एकेक टिंब खोडताना मी त्याला शिव्या घातल्या. एका पुस्तकात नुसतंच वर्तुळ होतं, टिंब नव्हतं. म्हटलं, गाढवाला एवढंही धड जमलं नाही. तेही पुसलं, वर इस्त्री फिरवली. थंडी संपेपर्यंत दोन्ही पोती कोरी झाली.

गेल्या वर्षी मी मायला जळगावला आणलं. नाना गेल्यापासून ती धुळ्याला एकटीच राहायची आणि यायला तयार नव्हती. नाना म्हणजे माझे वडील, शाळेत मास्तर. त्यांच्या घरात पोथी आणि पाठ्यपुस्तक सोडून छापील काही चालत नसे. पुढे मायची नजर जाऊ लागली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की ऑपरेशनचा उपयोग नाही, मधलं दिसणं हळूहळू पूर्ण जाईल, काही महिने आहेत. मायला मी सांगितलं नाही, पण तिला कळलं होतं.

आल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुपारी ती कपाटाशी उभी दिसली. मला आधी लाज वाटली. अर्धी उघडी बाई असलेली चित्रं, आणि समोर माझी नऊवारी नेसणारी आई. तिने एक पुस्तक काढलं, मुखपृष्ठाकडे पाहिलंही नाही. पानं मोजल्यासारखी सोडली, मध्ये थांबली, पान डोळ्यांच्या कडेशी धरून बघितलं आणि पुस्तक परत ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं. शिक्क्यावरून बोट फिरवून तिने मला विचारलं, हे धुळ्याचं ना? मी हो म्हटलं.

“आठे मन्ही खूण व्हती,” ती म्हणाली. “एक्केचाळीसवर.”

तिची खूण, इथे. मी खुर्चीवर बसलो आणि ती सांगत गेली. शेजारची अक्का स्वतःच्या नावावर पुस्तकं आणायची. माय ती धान्याच्या कोठीत ठेवायची आणि नाना शाळेत गेले की वाचायची. मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन, मला पत्ता नव्हता. मालक परत घेताना पुढची-मागची पानं तपासायचा, म्हणून तिने मधलं पान धरलं. सुरू केलं की वर्तुळ, संपलं की आत टिंब. अशी काही वर्षं गेली. मग एकदा नानांना कोठीत पुस्तक सापडलं. त्यांनी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. चिमटीत धरून, मेलेला उंदीर धरावा तसं, ते पुस्तक त्यांनी लायब्ररीत नेऊन दिलं आणि मालकाला सांगितलं की त्या अक्कांना आता काही देऊ नका. अक्का पुन्हा आमच्याकडे फिरकली नाही. ते पुस्तक अर्धं राहिलं. नाव मायला आठवत नव्हतं, गोष्टही धड नाही. विहिरीत बाई सापडते एवढंच, आणि विहिरीतल्या बाया या पुस्तकांत पैशाला पासरी.

तिला ते पुस्तक हवं होतं. डोळे आहेत तोवर पुरं वाचायचं होतं. एक्केचाळिसाव्या पानावर नुसतं वर्तुळ असलेलं, एवढं सोपं. ती म्हणाली की मालकाच्या मुलांनी पुसलं असेल, नाही का? मला हो म्हणता आलं असतं. जीभ उचललीही होती.

मी सांगितलं, मीच पुसलं. रबराने. वर इस्त्रीही केली.

तिने हातातलं पुस्तक मिटून कपाटात ठेवलं. मग म्हणाली, “तू बी नानावरच गया रे.” रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मी पुस्तकं घेऊन खिडकीशी बसलो. पान तिरकं धरून, भिंग लावून, विजेरी आडवी टाकून बघितलं. काही नाही. माझं काम चोख होतं. आयुष्यात मला माझ्या नीटनेटकेपणाची इतकी शिसारी कधी आली नव्हती. ढेकूण, लेंड्या, तो मेकूड, सगळं बरं होतं. त्यांनी कोणाचं काही पुसलं नव्हतं. तोवर मायला अक्षर दिसेनासं झालं होतं. मग एकच उपाय उरला. रोज दुपारी जेवण झालं की मी मोठ्याने वाचायला लागलो. अगदी भिकार लिहिलेलं असायचं. दर पानावर कोणीतरी ‘थरारून’ उठायचं. मी वाचता वाचता तोंड वाकडं करायचो. माय दोन-तीन पानं ऐकायची आणि वाचलेलं निघालं की हात हलवायची. हाई वाचेल शे. खुनी मुनीम. दुसरं घे. खुनी धाकटी जाऊ. पुढचं. पन्नास वर्षांपूर्वीचे खुनी तिने असे एकामागून एक पकडून दिले. मी शेवटचं पान बघायचो; ती कधी चुकली नाही.

पावसाळा गेला, दिवाळी झाली. हळूहळू तिचा हात उशिरा हलायला लागला. मुनीम होता की मेहुणा, ती आठवत बसायची. कधी खुनी चुकायचा. कधी सकाळी ती मला नाना म्हणायची आणि कोठीकडे जाते म्हणायची. आमच्या घरात कोठी नाही.

गेल्या महिन्यात एक पुस्तक घेतलं, त्यात बाई विहिरीत होती. पाच पानं झाली, दहा झाली, मायचा हात हलला नाही. तीन दुपारी मी वाचत राहिलो. ती मान पुढे काढून ऐकत होती. शेवटी खुनी निघाला गावचा डॉक्टर. माय हसली आणि म्हणाली, “हाईच ना रे ते?”

मला काय माहीत? हे तिने अर्धं सोडलेलं होतं, की पूर्ण वाचून विसरलेलं? हे कळावं म्हणूनच तर ती खूण होती. वर्तुळ आहे, टिंब आहे, बस्स. माणूस विसरणार हे तिला तिशीतच ठाऊक होतं, आणि तिने त्याची सोय करून ठेवली होती.

“हो माय,” मी म्हटलं. “हेच ते.”

तिने पेन्सिल मागितली. मी एक्केचाळिसावं पान काढून तिचं बोट आकड्याच्या शेजारी नेऊन ठेवलं. तिने चाचपडत वर्तुळ काढलं, जरा मोठंच झालं. मग टिंब दिलं. ते वर्तुळाच्या बाहेर, वरच्या ओळीत जाऊन पडलं. बरोबर पडलं का, तिने विचारलं. मी म्हटलं, अगदी मधोमध.