वासुदेवरावांचा अर्धा सेकंद

हॅम्बर्गमध्ये विमानाच्या भागांची मोजमापं तपासण्यात वासुदेव कर्णिकांची चोवीस वर्षं गेली. आकड्यापुढे त्यांनी कधी कुणाचं चालू दिलं नाही, सासऱ्यांचंसुद्धा. एका गाडीपायी मात्र ते आकड्यांशीच भांडायला उठले.

ती गाडी म्हणजे १९९१ सालचा काळा अमेरिकन पिकअप. दिसायला विटा वाहणारा टेम्पो, पण इंजिनाला जोर चढवणारा टर्बो. त्या काळी भल्याभल्या स्पोर्ट्‌स कारना धूळ चारणारा. एका शेतकऱ्याच्या गोठ्यात तो गंजत पडला होता. वासुदेवरावांनी सहा वर्षं खपून त्याला उभा केला, तो एका ध्यासापायी. तीस वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात जपली, तर जर्मनीत तिच्या नंबराच्या शेवटी ‘एच’ लागतो. तो त्यांना हवा होता.

तेवढ्यात शेजारच्या सुमितने नवीकोरी मसल कार घेतली. आठ सिलिंडर, आणि आवाज असा की गल्लीतली मांजरं आठ दिवस फिरकली नाहीत. गाडीवेड्यांच्या क्लबातल्या लोकांनी विमानतळाच्या जुन्या धावपट्टीवर दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या. पिकअपने सुरुवातीला उसळी घेतली, पण शंभरचा वेग गाठायला त्याला अर्धा सेकंद जास्त लागला.

“काका, मध्ये तीस वर्षं आहेत,” सुमित समजुतीने म्हणाला. ती समजूतच काकांना झोंबली.

हिवाळाभर गॅरेजात खपून त्यांनी नवा मोठा टर्बो आणि इंजिनाचा नवा कंप्युटर बसवला. एप्रिलमध्ये पिकअप जिंकला. पेढे वाटले. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतात ते हेच, पण त्यांना सांगणार कोण?

मे महिन्यात एचसाठी गाडी तपासायला आलेल्या तपासनिसाने बॉनेट उघडलं. “श्योन, सुंदर,” तो म्हणाला, “पण ही १९९१ची गाडी नाही.” एच मिळाला नाही. वासुदेवरावांना मनापासून लाज वाटली. मापात खोट करणाऱ्यांना त्यांनी जन्मभर नावं ठेवली होती.

मूळ टर्बो तर त्यांनी भंगारात जाणाऱ्या सामानाबरोबर फुटपाथवर ठेवला होता, आणि तसा दुसरा शोधून मिळेना. शेवटी बायकोपाशी कबूल केलं.

“अहो, तो होय?” सुमेधाताई म्हणाल्या. “तळघरात आहे. चांगली वस्तू, टाकवेना.” कुकरच्या जुन्या रिंगांशेजारी तो साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला होता.

मूळ टर्बो आणि जुना कंप्युटर परत बसला, आणि जुलैमध्ये एच मिळाला. पुढच्याच रविवारी वासुदेवरावांनी सुमितला स्वतः धावपट्टीवर बोलावलं आणि हरले. फरक तोच, अर्ध्या सेकंदाचा. क्लबच्या फळ्यावर दोन्ही गाड्यांच्या वेळा त्यांनीच खडूने लिहिल्या. मग एप्रिलचा आकडा पुसला.

“तो का पुसताय, काका? तेव्हा जिंकला होतात.”

“ती गाडी दुसरी होती,” वासुदेवराव म्हणाले.