कडेखालचं मैदान

“कड पडली रं दत्ता. बिरू खाली हाय.” फोनवर बिरूचा थोरला भाऊ होता. नदीची कुठली कड, हे मला विचारावं लागलं नाही.

बिरू आणि मी बीच व्हॉलीबॉलमधली जोडी. समुद्र कुठल्या कुठं, आणि हे खूळ डोक्यात घेतलेले आम्ही दोघं! मी शहरातल्या लष्करी छावणीत वाढलेला, तो शहराबाहेर मुकुंदवाडीपलीकडच्या मेंढपाळाच्या घरातला. शाळेच्या संघात जमलं आणि पुढं थेट व्यावसायिक स्पर्धांपर्यंत गेलो. सरावाला मात्र नदीचं कोरडं पात्रच. दुष्काळानं नदी आटवली होती आणि वाढत्या शहराला वाळू हवी होती. ट्रक भरभरून जायचे. दरवेळी आमचं मैदान आणखी खोल गेलेलं असायचं आणि बाजूची मातीची कड आणखी उंच.

पहिल्या मोठ्या स्पर्धेत किनाऱ्यावर आम्ही सपाटून मार खाल्ला. तिथं सामन्याआधी नळीनं वाळूवर पाणी मारत होते. बिरू बघतच राहिला. “इथं वाळूला पाणी पाजतेत, अन् आपल्याकडं माणसाला नाय!” तो हसला, पण ते त्याच्या डोक्यात बसलं. ओल्या वाळूत उडी वेगळी लागते, सरावालाही तशीच हवी. दुष्काळात नदीत खड्डा खणून झिरपणारं पाणी भरतात, तसा झिरा त्यानं खणला. ओल कडेच्या बुडाशी जास्त, म्हणून तिथंच. पाणी खाली गेलं की आणखी खोल... आणखी आत. खेळताना वरून मातीची धार सांडायची, आणि आम्ही केस झटकून पुन्हा सर्व्हिस करायचो.

त्याची आई मेंढरं पाजायला यायची. एका दुपारी ती म्हणाली, “बिरू, तिथं खेळू नगं. एवढं ऊन हाय, तरी मेंढरं त्या कडेच्या सावलीला बसंनात.” खरंच, सगळा कळप भर उन्हात एकमेकांच्या पोटाखाली माना घालून उभा होता.

“आये, मेंढरं लई भित्री असत्यात,” बिरू म्हणाला. मेंढराच्या कानाच्या हालचालीवरून वाट बदलणाऱ्या घरातला हा माणूस! भारताच्या संघाची निवड तोंडावर आली होती आणि वयानं ही त्याची शेवटचीच संधी होती. “एवढी निवड होऊ दे, मग सोडतो ही जागा,” तो मला म्हणाला. मला त्याचा भयंकर राग आला होता. अजून येतो.

कड पडली त्या सकाळी तो एकटाच झिरा उपसायला वाकला होता...

बिरू गेल्यावर निवडीला मला त्याच्या आईनंच पाठवलं. “जा. त्याच्या वाटचं खेळ,” एवढंच ती बोलली. नव्या जोडीदाराबरोबर मी उतरलो. पहिलीच सर्व्हिस डाव्या कोपऱ्याकडं आली आणि मी सवयीनं ओरडलो, “बिरू, तुझा!”

नवा जोडीदार होता तिथंच थबकला. चेंडू त्याच्या पायाशी वाळूत पडला, आणि आम्हा दोघांपैकी कुणीच तो उचलायला वाकलं नाही.