भोंग्यावरची टोपी

महिन्याचा पहिला रविवार होता. सकाळी दहाला फोन वाजला आणि मी सवयीने लाटणं हातात घेऊनच उठले. पण फोनवर आठल्येकाका नव्हते, त्यांची मुलगी अंजली होती. "मावशी, बाबा पहाटे गेले," ती म्हणाली. "त्यांच्या आजच्या लिस्टमध्ये पहिलं नाव तुमचं आहे, म्हणून तुम्हाला आधी केला..."  फोन ठेवल्यावर मी पॅसेजमध्ये गेले, हात वर करून लाटण्याच्या टोकाने छतावरच्या, धूर झाला की वाजणाऱ्या भोंग्याचं बटण दाबलं. तो वाजला. तो ऐकायला पलीकडे कोणी नव्हतं.

हे नीट समजायला आधी काका काय काम करत ते सांगायला हवं. काका जुन्या पिढीतले इंजिनियर, मूळचे चिपळूणचे. राज्याच्या फायर मार्शलच्या ऑफिसात ते डेप्युटी होते. २००१ साली आम्ही इकडे परदेशात, फ्रेडरिक गावात राहायला आलो तेव्हा मला वाटलं, हे बंबावर चढून पाइप धरणारे असतील. काका हसले. "बंबवाले आग लागल्यावर येतात. मी लागायच्या आधी जातो आणि विझल्यावर जातो." आधी, म्हणजे कॉलेजची वसतिगृहं, इस्पितळं, सभागृहं तपासायची. दारं बाहेरच्या बाजूला उघडतात का, जिन्यात सामान रचलंय का, छतातून पाणी सुटायची सोय चालू आहे का... नंतर, म्हणजे राखेत गुडघे टेकून आग कुठे सुरू झाली आणि का, ते शोधून कागदावर लिहायचं. "आणि घरं?" मी विचारलं होतं. "माणसं मरतात ती बहुतेक घरात," काका म्हणाले, "आणि नेमकं घरात शिरून तपासायचा मला अधिकार नाही. म्हणून मी जेवायला येतो."

हे गमतीत म्हटलेलं नव्हतं. ते कुणाकडेही गेले की चपला काढल्यावर आधी छताकडे बघत. आमचं छत आठ फूट, काका पाच फूट चार इंच. हात पूर्ण वर केला की चौदा इंच कमी पडत, आणि माझं लाटणं बरोब्बर चौदा इंची. बटण दाबायचं, तीन शिट्ट्या ऐकायच्या, भोंगा कुठल्या साली बनलेला ते विचारून घ्यायचं आणि मग पानावर बसायचं. दर महिन्याला सगळ्यांकडे जाणं जमेना, तेव्हा त्यांनी फोन सुरू केला. पहिला रविवार, सकाळी दहापासून पुढे. नमस्कार नाही, तब्येतपाणी नाही. "दाब," एवढंच. आपण फोन छताकडे धरायचा, आवाज त्यांच्या कानी गेला की "छान" म्हणून ते पुढच्या घराला फोन लावत.

आता माझ्याबद्दल लिहायला हवं. इथल्या अपार्टमेंटमध्ये भोंगा स्वयंपाकघराला लागून असतो, आणि तो आपल्या फोडणीसाठी बनवलेला नाही. मोहरी तडतडली, मिरची पडली की तो ठणाणा करतो. शेजारी दार वाजवतात, ऑफिसातून चिठ्ठी येते. कोणी बॅटरी काढून ठेवत, कोणी टॉवेलने वारा घालत. मी त्यावर उपाय काढला होता. अंघोळीला डोक्यावर घालतात ती प्लॅस्टिकची टोपी, शॉवर कॅप, भोंग्यावर चढवायची. इलॅस्टिक घट्ट बसतं. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. पडताळल्याशिवाय काही मानत नाही. टोपी घालून सुक्या मिरचीची फोडणी तीनदा केली. भोंगा एकदाही वाजला नाही. माझ्या मते चाचणी यशस्वी झाली होती. काका येणार असले की दहा मिनिटं आधी टोपी काढायची, ते गेले की परत चढवायची. रविवारी दहाला पाच कमी असताना तेच.

२००३ च्या शेवटी समीर आणि मृणाल आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये आले. दोघं नागपूरचे, नवीन लग्न, समीर रोज ऑफिसला हर्नडनपर्यंत ड्राइव्ह करायचा. पहिल्याच आठवड्यात मृणाल रडकुंडीला आलेली. "ताई, मी आता ब्रेड-बटरच खाऊ का? वरणाला फोडणी दिली तर खालची बाई चक्क नाइन-वन-वनला फोन करून बंब बोलावते म्हणाली." माझ्याकडे दहा टोप्यांचं पाकीट होतं. त्यातली एक मी तिला दिली. वर हेही म्हणाले, "स्वयंपाक झाला की काढायची हं." मी स्वतः काढत नव्हते.

पुढच्या फेब्रुवारीत समीरची आई सहा महिन्यांसाठी आली होती. दोघं कामाला गेलेले. लेकासाठी पुऱ्या करायच्या म्हणून तिने कढईत तेल तापत ठेवलं आणि पाठ टेकायला आत गेली. इथली विजेची शेगडी. तिच्यात ज्योत दिसत नाही, गॅसचा वास येत नाही, आठवण करून देणारं काहीच नसतं. ते काम भोंग्याचं होतं. शेजाऱ्यांनी धूर पाहून फोन केल्यावर बंब सहा मिनिटांत आले. आई बेडरूमच्या दाराआड सापडली. अंगावर भाजल्याची एकही खूण नव्हती.

चौकशीला काका आले. आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, ते काम राज्याच्या ऑफिसकडे असे. भोंगा छतावर शाबूत होता, त्याच्या कडेला वितळलेलं प्लॅस्टिक आणि इलॅस्टिकची तार. तिसऱ्या दिवशी समीर आमच्या घरी काकांसमोर हात जोडून बसला. "काका, प्लीज, ते रिपोर्टमध्ये नका लिहू. मृणालने लावलं होतं. लोक तिला जगू देणार नाहीत." काकांनी त्याचे जोडलेले हात सोडवले. मग म्हणाले, "कोणी लावली ते मी लिहीत नाही, बाळा. लावलेली होती, ते लिहितो. ते गाळलं तर तुझी आई कशाने गेली हेच खोटं होईल... आणि पुढचं घर सावध कशाने होणार?" मी चहा घेऊन दारात उभी होते. बोलायची ती वेळ होती. मी चहा ठेवला आणि आत गेले. उरलेल्या टोप्या मोजल्या, माझी धरून नऊ होत्या. सगळ्या एका पिशवीत बांधून दूरच्या कचरापेटीत टाकून आले.

रिपोर्ट आला आणि इथल्या मराठी मंडळात काका वाईट ठरले. "आपला माणूस असून आपल्याच लोकांवर लिहितो." "यार, एवढं तरी सांभाळून घ्यायचं!" जेवणाची आमंत्रणं थांबली. आम्हीही त्यांना आठ महिने बोलावलं नाही. कारण लोकांचं नव्हतं, माझं होतं. समीर-मृणाल दूर पश्चिम किनाऱ्याकडे, रेडमंडला निघून गेले. पण पहिल्या रविवारी दहाला फोन येतच राहिला. "दाब." आता टोपी नव्हती. मी दाबत होते. "छान."

काका २००५ ला निवृत्त झाले आणि दोन वर्षांत फुप्फुसाचं दुखणं निघालं. त्यांनी आयुष्यात कधी सिगारेट ओढली नव्हती. राखेत घालवलेल्या वर्षांचा त्याच्याशी संबंध होता का, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही, म्हणून मीही लिहीत नाही. २००८ च्या उन्हाळ्यात त्यांना घरी आणलं तेव्हा मी भेटायला गेले. नाकात ऑक्सिजनची नळी, उशाशी फोन नंबरांची वही. मी बसले आणि कुठलीही प्रस्तावना न करता म्हणाले, "काका, मृणालला ती टोपी मी दिली होती."

"माहीत आहे. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं."

"मग चार वर्षं तुम्ही काहीच..."

"रिपोर्टात 'कोणी शिकवलं' असा रकाना नसतो, स्वाती." त्यांनी श्वास गोळा केला. "तिने नवऱ्याला मात्र तुझं नाव सांगितलेलं नाही. भांडण झालं की तो तिला तेच ऐकवतो, तू माझ्या आईला मारलंस. ती फोनवर रडते. मला चौकशीत कळलेलं मी बोलू शकत नाही. तू बोलू शकतेस."

"बोलते," मी म्हणाले.

"कधी?"

मी तारीख सांगितली नाही. त्यांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "तुझं लाटणं बरं होतं. बाकीच्यांकडे स्टुलावर चढावं लागायचं."

ते असेपर्यंत मी बोलले नाही. दोन महिने होते, केलं नाही. ते गेल्यावर अंजलीने मला ती वही दाखवली. सोळा घरं. प्रत्येकापुढे भोंग्याचं साल आणि महिनावार बरोबरच्या खुणा. माझ्या नावापुढे पहिल्या दोन वर्षांत खुणा होत्या, टोपीच्या काळातल्या, सगळ्या बरोबर. शेवटचं नाव समीर-मृणाल, रेडमंड. तिथेही खुणा होत्या, एकही महिना चुकलेला नव्हता. वही मिटली आणि त्याच दिवशी मी समीरला फोन लावला. सगळं सांगितलं, पाकिटात दहा टोप्या होत्या इथपासून.  माझं संपल्यावर त्याने विचारलं, "म्हणजे तिला तुम्ही सांगितलं होतंत की काढायची?"

"हो. पण मी स्वतः काढत नव्हते."

"बरं," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

त्याला तीन आठवडे झाले. गेल्या रविवारी, महिन्यातल्या पहिल्या, दहाला फोन वाजला. नंबर रेडमंडचा. तिकडे सकाळचे सात. मी "हॅलो" म्हटलं, पलीकडून कोणी बोललं नाही. मग आवाज आला. भोंग्याच्या तीन शिट्ट्या, थोडी उसंत, पुन्हा तीन. बटण समीरने दाबलं होतं की मृणालने, मला कळलं नाही. मी "छान" म्हणायला तोंड उघडलं, पण तो शब्द माझा नव्हता. फोन कट झाला.

ते लाटणं आता मी पोळ्यांना वापरत नाही. त्याच्या एका टोकाला बटणाचा गोल, पांढुरका ठसा उमटला आहे. पॅसेजमध्ये खिळ्याला टांगून ठेवलं आहे, माझा हात पोचेल अशा उंचीवर.