मुरलेला चहा आणि आप्पांचं नाक

आमचे धाकटे भावजी चीनला गेले आणि येताना दोन गोवऱ्या घेऊन आले. गोवऱ्या हा शब्द माझा नाही, आत्यांचा. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. भावजी टॉवेलच्या कारखान्यात आहेत, मालकांबरोबर नवे माग बघायला गेले होते. आम्हाला वाटलं, घड्याळ नाहीतर मोबाइल तरी आणतील. पिशवीतून निघाल्या कागदात गुंडाळलेल्या दोन गोल, चपट्या, काळपट चकत्या. आत्यांनी एक उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाल्या, "एवढं इमानात बसून गेलास, आन् श्यान थापून आणलास व्हय रे?"

तो चहा होता. पुएर म्हणतात त्याला. पत्ती वाफवून, दाबून तिची चकती करतात आणि वर्षानुवर्षं मुरत ठेवतात, लोणचं मुरवावं तसं. एक चकती यंदाची, कोवळी. दुसरी मुरलेली, भावजी शाळेत होते तेव्हापासूनची. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून चाखायच्या आणि फरक सांगायचा, असा म्हणे तिकडे मोठ्या लोकांचा खेळ असतो.

आता आमच्या घराला चहा शिकवायला निघालेला माणूस म्हणजे पंढरीत जाऊन बुक्का विकणाराच. नवी पेठेच्या गल्लीत आमचं खुल्या चहापत्तीचं दुकान आहे, वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. सासऱ्यांना सगळं घर आप्पा म्हणतं. आप्पा उभं आयुष्य त्या गादीवर बसून मिक्सिंग करत आलेत. दाणेदार किती, डस्ट किती, कुठल्या हॉटेलला कडक लागतं, कुणाला रंग लागतो, सगळं त्यांच्या डोक्यात. पत्ती मुठीत धरायची, मुठीत तोंडाची गरम वाफ सोडायची, मूठ नाकाशी नेऊन डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "हं." त्या 'हं'वर आमचं घर चालतं.

आणि दोन वर्षांपूर्वीच्या तापापासून आप्पांना वास येत नाही. कमी येतो असं नव्हे, येतच नाही. हे फक्त मला ठाऊक होतं. एकदा गॅस सुटला होता, मी जिन्यावरूनच पदर नाकाला लावून धावत आले, तर आप्पा शेगडीशेजारी स्टुलावर बसून पेपर वाचतायत! मी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि मग जे तोंड सोडलं ते अर्धं कन्नडमध्ये होतं. माझं माहेर मैंदर्गीचं. राग आला की मला मराठी पुरत नाही. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "कुणाला बोलू नगंस पोरी. गादीवरनं उठिवतील मला."

उठवणारे म्हणजे भावजी. त्यांचं एकच टुमणं होतं: मिक्सिंगचा जमाना गेला, पाकिटाच्या चहाची एजन्सी घेऊ, दुकानाला काच लावू, आप्पांनी वर बसून टीव्ही बघावा. आप्पांना टीव्ही म्हटलं की कपाळशूळ उठतो.

मग आम्ही सासरा-सुनेनं मिळून युक्ती काढली. सकाळी तांब्या ठेवायच्या निमित्तानं मी दुकानात उतरायची. आप्पा ऐटीत 'हं' करायचे आणि मूठ हळूच माझ्या बाजूला धरायचे. वासात गडबड वाटली की मी खोकायचं, ठीक असलं की गप्प. एवढी वर्षं चहाच्या पोत्यांवर संसार केला, तेवढं मला कळत होतं. गिऱ्हाइकं आप्पांना म्हणायची, "सूनबाईला डाक्तरला दाखवा की, लई खोकत्यात."

असं सगळं सुरळीत चाललेलं, आणि भावजींनी हे पुएर काढलं. जेवताना म्हणाले, "रविवारी आप्पांची परीक्षा घेऊ. डोळ्यांवर टॉवेल बांधायचा, कारण कोवळ्याचा रंग फिका असतो आणि मुरलेल्याचा काळा, बघूनच कळतं. नाकानं ओळखायचं, जुना कुठला न् नवा कुठला. ओळखलं तर एजन्सीचं नाव परत काढणार नाही."

"आन् न्हाय वळखलं तर?" आत्यांनी विचारलं.

"तर दिवाळीपासून पाकीट."

हसत हसत म्हणाले. पण भावजी हसत बोलतात ते करून दाखवतात. आप्पांनी ताट बाजूला सारलं. "बांध की टावेल! कुणाला भ्या घालतोस?" आणि माझ्याकडे बघितलं. भावजी हात धुवायला उठले तेवढ्यात आमचं ठरलं. जुना असला की मी खोकायचं, नवा असला की गप्प.

सोपं होतं. पण आमच्या घरात सोपं काही सोपं राहत नाही.

काळ्या तिखटाचे दिवस होते. गच्चीवर मिरच्या वाळत होत्या. शनिवारी आत्यांनी कपाट उघडलं तर त्यांना त्या मुरलेल्या चकतीचा कुबट वास आला. त्यांना वाटलं, बुरशी धरली. आमच्याकडे कशालाही वास आला की औषध एकच, ऊन दाखवायचं. गादी असो, डाळ असो, पाहुण्यांची रजई असो, सोलापूरचं ऊन फुकट आणि पोटभर. तर आत्यांनी चकतीचा कागद काढला, गच्चीवर नेली आणि ज्या जुन्या लुगड्यावर मिरच्या पसरल्या होत्या त्याच्या मधोमध ठेवली. कावळ्यानं उचलून नेऊ नये म्हणून वरून मिरच्याही लोटल्या. बाईचं काम नीटच असतं हो, त्याबद्दल मी कधी नाव ठेवणार नाही.

संध्याकाळी मी मिरच्या गोळा करायला गेले तर ढिगातून चीन निघाला. अय्यो! नाकाशी नेली आणि शिंकून शिंकून डोळ्यांत पाणी आलं. झटकली, पुसली, कागदात होती तशी गुंडाळून ठेवली. आप्पांना सांगायला गेले, तर भावजी त्यांना खेटून पुएरचं पुराण सांगत बसलेले. मुरलेल्याला मातीचा वास येतो, जुन्या लाकडाचा येतो, थोडा कापराचा येतो. आप्पा मान डोलावत होते आणि मी बघत होते, ते मनातल्या मनात पाठ करत होते. रविवारीही सकाळपासून भावजींनी त्यांची पाठ सोडली नाही. माझे मिस्टर घरात असते तर भावजींना कुठंतरी पिटाळता आलं असतं, पण ते गावाला लग्नाला गेलेले. आमचे हे हवे असतात तेव्हा लग्नालाच असतात.

पंच म्हणून सात रस्त्याजवळचे हॉटेलवाले चाचा आले. आप्पांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. दुकान बंद करून आम्ही सगळे आतल्या बाजूला बसलो. आप्पा गादीवर, डोळ्यांवर भावजींच्या कारखान्याचा टॉवेल. आम्ही लांब, कोपऱ्यातल्या शेगडीपाशी. चाचांनी बोट ठेवलं ती चकती आधी घ्यायची, आणि चाचांनी नेमकं मुरलेलीवर बोट ठेवलं.

भावजींनी सुरीनं कडेचा तुकडा काढला, किटलीत टाकला, वरून उकळतं पाणी ओतलं आणि ते सगळं पाणी बादलीत फेकून दिलं.

"आरं, चहा वतून दिलास की!" आत्या ओरडल्या.

"पहिलं पाणी फेकायचंच असतं आई. पत्ती धुतो."

"मग धुवून आणायची हुती की तितनंच!"

भावजींनी दुसरं पाणी ओतलं आणि झाकण उघडलं. वाफ वर आली आणि भावजी शिंकले. मग चाचा खोकायला लागले. आत्यांना ठसका लागला. मला तर खोकायचंच होतं, पण आता थांबवता येईना. सगळं दुकान खोकतंय, कुणाच्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि टॉवेलाखाली आप्पांचा चेहरा असा फुलला, जणू सगळं घर त्यांच्या बाजूला झालंय.

"जुना!" आप्पा गरजले. "मुरलेला हाय त्यो!"

बरोबरच होतं की. भावजी डोळे पुसत म्हणाले, "आप्पा, कप अजून तुमच्यापर्यंत आला नाही."

"कशाला यायला पायजे? लांबूनच कळतंय. माती हाय, जुनं लाकूड हाय, आन् मागनं कापूर." आप्पांनी छाती भरून श्वास घेतला. "वा! काय वास हाय!"

मी खोकत खोकत हात हलवत होते, नको, नको. डोळे बांधलेल्या माणसाला हात हलवून दाखवतेय, माझीही कमालच.

भावजींचं शिंकणं थांबलं. ते हळू आवाजात म्हणाले, "आणि मिरचीचा, आप्पा?"

"कसली मिरची?"

आत्यांच्या तोंडून निघालं, "अगं बाई, म्या वाळत घातली हुती ती मिरचीत," आणि त्यांनी तोंडाला पदर लावला. आप्पांनी टॉवेल खाली ओढला. आमची लाल नाकं, वाहणारे डोळे, एकेकाकडे बघत गेले. मग टॉवेलाची घडी घातली. मला त्या क्षणी भावजींच्या दोन थोबाडीत द्याव्या असं वाटलं.

"मला वास येत न्हाय," आप्पा म्हणाले. "ताप आलता तवापासनं."

भावजी जिंकले होते. पण जिंकलेल्या माणसाचं तोंड एवढंसं होत नाही. "मला का नाही सांगितलं, आप्पा?"

"तू काच लावणार हुतास की."

चाचा विचारात पडले होते. म्हणाले, "रुको जी. दो साल से मेरे होटल की पत्ती कौन सूंगा फिर?"

आप्पांनी माझ्याकडे बोट केलं. "ही. का? बराबर न्हवती?"

"हौ, बराबर थी ना. पैले से जरा अच्छीच थी."

आप्पा ताडकन सरळ झाले. वास गेल्याचंही एवढं दुःख मी त्यांच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं. "पयल्यापेक्षा चांगली? उगं काय बी बोलू नका चाचा!" भावजींना हसू फुटलं, मग आत्यांना. आप्पा मात्र चिडलेलेच. "पत्ती कुटली घ्यायची ते म्या सांगतो. नाक तिचं आसंल, डोकं माझं हाय!"

मग चिडलेल्या आवाजातच त्यांनी कामाला लावलं. "ती चकती मदनं फोड. दाबलेल्या मालाला वास वरनं लागतो, आत जात न्हाय." भावजींनी मुकाट्यानं फोडली. आतली पत्ती काढून नवा चहा केला आणि कप माझ्या हातात दिला, सगळ्यांदेखत. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी तांब्याशिवाय त्या गादीजवळ बसले होते.

"बोल," आप्पा म्हणाले.

"गोणपाटाचा येतोय."

"वल्लं का कोरडं?"

"कोरडं. आणि लग्नातली ट्रंक खूप दिवसांनी उघडली की येतो तसा. आणि खारीक भिजवलेलं पाणी."

"मग माल खरा हाय," आप्पा म्हणाले. त्यांनी स्वतः घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला आणि कप खाली ठेवला. "मला मातूर गरम पाणी." त्या चहात जे होतं ते सगळं वासातच होतं.

मग कोवळा केला. फिका पिवळा रंग. चाचांनी एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं, "नक्को जी." आत्या म्हणाल्या, पाडव्याचा कडुलिंब बरा. मलाही जीभ आवळल्यासारखी झाली. आप्पांनी घोट घेतला, कपाळाला आठ्या घातल्या आणि थांबले. बराच वेळ थांबले. मग एकदम म्हणाले, "आरं! मागनं गोड येतंय की!"

येत होतंच. आवळा खाऊन पाणी प्यावं तसं घशातून गोड वर येत होतं. आप्पांनी तो कप संपवला, भावजींचा संपवला, माझ्या हातातला घेतला. कडू आणि गोड जिभेवर असतं, त्याला नाक लागत नाही. दोन वर्षांत काही चाखून एवढे खूश झालेले मी त्यांना बघितले नव्हते. "ह्यो चांगला," म्हणाले. "त्या म्हाताऱ्यात काय न्हाय." भावजींनी सगळी कोवळी चकती त्यांच्या मांडीवर ठेवली. काचेचं नाव कुणी काढलं नाही.

चाचा गेले, आत्या बादली घेऊन वर गेल्या, भावजी किटली धुवायला गेले. मी शटर अर्धं वर केलं. आप्पा गादीवरच होते. इकडे तिकडे बघत होते, पोत्यांकडे, डब्यांकडे.

"पोरी, दुकानाला आजून येतो का गं वास? चहाचा?"

"येतो की. कोपऱ्यापासून येतो."

"कसा येतो?"

मगाशी गोणपाट, ट्रंक, खारीक सगळं सुचलं होतं. आता काही सुचेना. लग्न होऊन आल्यापासून मी त्याच वासात राहतेय, तो सांगायचा कसा?

"तुमच्या अंगाला येतो ना, आप्पा," मी म्हटलं, "तस्सा."

आप्पांनी सदऱ्याची बाही नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.