उलटा काऊन करायचा?

भामरागडकडच्या एका आश्रमशाळेत माझं नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. सहावीच्या वर्गात मी फळ्यावर लिहिलं, "अपूर्णांकाचा भागाकार करताना दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं." घरी गोंडी बोलणारी एक मुलगी उभी राहिली.

"सर, पण उलटा काऊन करायचा?"

मला माहीत नव्हतं. बी.एस्सी. झालो तो घोकून. हा प्रश्न मला जन्मात कधी पडला नव्हता. तसं सांगायला माझं काय जात होतं? पण मी म्हणालो, "काऊन नाही, का म्हण." वर्ग हसला. ती खाली बसली.

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! त्यात मी राजुऱ्याचा. आईशी फोनवर बोलताना दर वाक्याला माझ्या तोंडी काऊनच. पुण्याला बी.एड. करताना याच शब्दावरून पोरं मला चिडवायची. तो राग मी इथवर सांभाळून आणला आणि सहावीतल्या पोरीवर काढला.

उत्तर दोनच दिवसांत सापडलं. शाळेच्या वाटेवर बाया मोहफुलं मोजत होत्या. फुलं तीन टोपल्या, आणि मोजायला निम्म्या मापाची टोपली. ती सहा वेळा भरली. तीन भागिले एक द्वितीयांश, सहा! एका टोपलीत दोन अर्ध्या मावतात, म्हणून दोननं गुणायचं. गणिताचा अभ्यास एवढाच असतो: आधी काऊन, मग रीत. तिच्या अंगणातलंच उत्तर होतं ते. तरी मी वर्गात सांगितलं नाही, कारण परवा मला ते येत नव्हतं हे उघडं पडलं असतं. वर्गाला तिच्यावर हसवण्यापेक्षा या गप्प बसण्याची मला आजही जास्त लाज वाटते.

दहावीपर्यंत तिनं एकही प्रश्न विचारला नाही. रीत पाठ करायची, उत्तर बरोबर आणायची. तिच्या मार्कांसाठी मुख्याध्यापकांनी माझी पाठ थोपटली आणि मी निर्लज्जासारखी थोपटून घेतली.

निकालानंतर ती दाखला न्यायला आली. गणित सोडून आर्ट्स घेणार म्हणाली. मी असा चरकलो, की बोली लपवायचं भानच राहिलं नाही.

"एवढे मार्क असून? काऊन?"

तिनं दाखल्याची नीट घडी केली.

"का म्हणा, सर," ती म्हणाली. हसली नाही.